"आमच्या घराण्यातच आहे ते" म्हणण्याआधी: किडनीचा धोका आपल्या घरापुरता कसा काढायचा

मी सिंधुदुर्गात, तालुक्याच्या गावातल्या एका छोट्या लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. किडनीचा रिपोर्ट हातात पडला की गावातली माणसं एकच वाक्य बोलतात, "आमच्या घराण्यातच आसा ता, माका म्हायत होता." आणि मुंबईहून आलेले चाकरमानी मोबाईल पुढे करतात, हे बघा इथे लिहिलंय, आपल्या इंडियन लोकांना किडनीचा त्रास जास्तच असतो, आता काय करणार. दोन्ही वाक्यं अर्धी अर्धी खरी आहेत, पण दोन्हींचा शेवट "काय करणार" असा होतो ना, तिथे माझं डोकं फिरतं. म्हणून एकदा लिहूनच टाकते, की हे अमुक वंशात जास्त तमुक समाजात कमी असं वाचलं की त्यातून आपल्या कामाचं काय उचलायचं. मी डॉक्टर नाही, औषधं सांगणार नाही, पण हे रिपोर्ट रोज बघते.

सगळ्यात आधी आकडा कुठून येतो ते बघा. रिपोर्टवर क्रिएटिनिन असतं आणि त्याच्या खाली ईजीएफआर. क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंमधून रोज रक्तात येणारा कचरा, तो किडनी बाहेर टाकते. ईजीएफआर कुठलंही मशीन मोजत नाही, ते गणित आहे, क्रिएटिनिन, वय आणि बाई की पुरुष हे घालून किडनी किती गाळते त्याचा काढलेला अंदाज. आमच्या घरातलंच सांगते. माझा भाचा २५ वर्षांचा, ठाण्याला जिमला जातो, त्याचं क्रिएटिनिन १.२ आलं. माझी आत्या ६२ वर्षांची, तिचंही १.२. दोघांच्या रिपोर्टवर १.२ च, पण हल्लीच्या सूत्रात घातलं की भाच्याचं ईजीएफआर ८६ च्या आसपास येतं आणि आत्याचं ५१. म्हणजे भाचा ठीक, आणि आत्याचं तीन महिन्यांनी परत ६० च्या खालीच आलं तर तो किडनीचा आजार धरतात. पण आत्याला आधी कुणीतरी "१.२ म्हणजे नॉर्मलच की" सांगून घरी पाठवलेलं, आणि ती वर्षभर गुडघ्यासाठी दुकानातून आणलेल्या, किडनीला बाधणाऱ्या वेदनाशामक गोळ्या खात बसली. तर पहिलं काम हे, नुसत्या क्रिएटिनिनवर समाधान मानू नका, रिपोर्टवर ईजीएफआर छापून मागा, आणि कुठल्या सूत्राने काढलंय तेही विचारा. लॅबवाल्याला माहीत नसेल तर तो सॉफ्टवेअरमध्ये बघून सांगेल, मीही पहिल्यांदा तसंच केलं होतं.

सूत्र विचारायचं कारण आहे, आणि इथेच तो वंशाचा भाग येतो. १९९९ साली अमेरिकेत एमडीआरडी नावाचं सूत्र आलं, मग २००९ ला सीकेडी-ईपीआय. दोन्हीत एक प्रश्न असायचा, पेशंट ब्लॅक आहे का? हो म्हटलं की उत्तराला गुणायचं, २००९ च्या सूत्रात १.१५९ ने. म्हणजे तेच रक्त, तेच वय, पण गोऱ्या माणसाचं ५० आलं तर काळ्या माणसाचं ५८. का, तर अभ्यासात आलेल्या काळ्या लोकांचं क्रिएटिनिन त्याच किडनीला थोडं जास्त दिसलं आणि ते स्नायूंमुळे असणार असं धरून चालले. आता तिकडे किडनी ट्रान्सप्लांटच्या रांगेत वेळ मोजायला सुरुवात होते ती ईजीएफआर २० किंवा खाली आल्यावर. कागदावर फुगवलेला आकडा म्हणजे नंबर उशिरा लागणार. गंमत बघा, ज्या समाजात किडनी निकामी व्हायचं प्रमाण गोऱ्यांच्या तिप्पट-चौपट, त्यालाच रांगेत मागे ठेवणारं गणित. २०२१ ला वंशाचा रकाना नसलेलं नवीन सूत्र आलं, ब्रिटननेही त्याच वर्षी तो गुणाकार बंद करायला सांगितलं, आणि २०२३ पासून अमेरिकेत काळ्या पेशंटना रांगेतला गेलेला वेळ परत जोडून द्यायला लागले.

आपण त्या रकान्यात कुठे? "इतर" मध्ये. अजूनही नेटवर जुने कॅल्क्युलेटर फिरतायत, ब्लॅक की नॉन-ब्लॅक विचारतात, ते बंद करा आणि २०२१ चं शोधा. पण २०२१ चंही आपल्या मापाने शिवलेलं नाहीये हे लक्षात ठेवा. अंगाने सुकलेली, शाकाहारी, वय झालेली बाई असेल तर स्नायूच कमी म्हणून क्रिएटिनिन कमी, म्हणून ईजीएफआर आहे त्यापेक्षा छान दिसतं. जपानने स्वतःच्या लोकांसाठी ०.८१३ ने गुणून आकडा खाली आणला, पाकिस्तानातल्या डॉक्टरांनीही वेगळा हिशोब बसवला. आपल्याकडे सगळ्यांना लागू पडेल असा एक गुणाकार नाही, तर अशा बारीक अंगाच्या माणसाचं काही जुळत नसेल तर डॉक्टरांना सिस्टॅटिन-सी विचारा, ती तपासणी स्नायूंवर फारशी अवलंबून नसते, महाग असते आणि सँपल बाहेर पाठवावं लागतं, पण शंका असेल तिथे पैसे वसूल. आणि उलटी बाजू, आदल्या रात्री मटणावर ताव मारून सकाळी रक्त द्यायला येऊ नका. शिजवलेल्या मटणाने क्रिएटिनिन तात्पुरतं वर जातं. गटारीच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे हमखास दोघं-तिघं येतात. जिमवाल्या पोरांनी क्रिएटिनची पावडर चालू असेल तर ते आधी सांगायचं, नंतर रिपोर्ट बघून रडायचं नाही.

"अमुक लोकांत जास्त" वाचलं की विचारायचे प्रश्न

पहिला प्रश्न, हे जीनमुळे आहे का? कधी कधी खरंच असतं. २०१० मध्ये शोध लागला की पश्चिम आफ्रिकेतल्या पूर्वजांकडून आलेले एपीओएल-१ ह्या जीनचे दोन प्रकार किडनीला धोकादायक आहेत, आई आणि बाप दोघांकडून एकेक आला तर. अमेरिकेतल्या काळ्या लोकांत साधारण १३ टक्क्यांकडे अशा दोन प्रती असतात. ते टिकले कशामुळे, तर त्सेत्से माशीमुळे होणाऱ्या झोपेच्या आजारापासून ते वाचवतात. आपल्याकडे सिकलसेलचं तसंच, मलेरियापासून बचाव होतो म्हणून जीन टिकला आणि आता नंदुरबार, गडचिरोलीकडे पोरांचं रक्त आणि पुढे किडनीही त्यात भरडते. पण एपीओएल-१ च्या दोन प्रती असलेल्या बहुतेकांची किडनी आयुष्यभर चालते, हे बातमीत कधी येत नाही.

आणि "आफ्रिकन" हा शब्दही केवढा ढगळ आहे बघा. मुरुड-जंजिऱ्याचे सिद्दी आपल्या किनाऱ्यावरचेच, त्यांचे पूर्वज मुख्यतः आफ्रिकेच्या पूर्व बाजूने आलेले. हे जीन-प्रकार सगळ्यात जास्त सापडतात ते पश्चिमेला, नायजेरिया-घानाकडे, आणि इथिओपियात जवळपास नाहीतच. म्हणजे चेहरा बघून अमेरिकेतला आकडा जंजिऱ्यातल्या माणसाला चिकटवला तर तो शुद्ध अंदाजपंचे.

दुसरा प्रश्न, शोधलं म्हणून सापडलं का? आयजीए नेफ्रोपथी नावाचा किडनीचा आजार जपान-चीनकडे खूप सापडतो, काळ्या लोकांत कमी. त्यात जीनचा भाग आहेच. पण जपानमध्ये १९७४ पासून शाळेतल्या पोरांची दरवर्षी लघवी तपासतात! त्यामुळे ज्याला काहीही त्रास नाही त्याचंही सापडतं. आपल्याकडे पाय सुजून चपलेत मावेनासे होईपर्यंत कोण लघवी तपासतं. तेव्हा एखाद्या यादीत आपलं नाव खाली असेल तर लगेच खूश होऊ नका, मोजलंच नसेल.

तिसरा, अंगाची ठेवण. हे आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन ह्यांचा दोघांचा फोटो २००४ साली लॅन्सेट मासिकात आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच, २२.३. चरबी मात्र युडकिनच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२. बाहेरून हडकुळे आणि आतून चरबी, ही आपली तऱ्हा, म्हणून साखर लवकर धरते, आणि साखर किडनी खाते. ब्रिटनमध्ये गेलेले भारतीय-पाकिस्तानी-बांगलादेशी गोऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात डायलिसिसवर जातात त्यामागे डायबेटीसचा वाटा मोठा आहे. म्हणून आपल्याला वजनकाटा पुरत नाही, टेप घ्या. पुरुषांची कंबर ९० सेंटीमीटर, बायकांची ८०, त्याच्या वर गेली की साखर आणि प्रेशर तपासायला या. बीएमआय आपल्यासाठी २३ पासूनच जास्त धरतात. टेप पोटाला लावायची हं, पँटच्या नाडीला नाही, आमच्याकडचे अर्धे पुरुष पोटाखाली नाडी बांधून "माझी कंबर ३४" सांगतात.

चौथा प्रश्न मला स्वतःला सगळ्यात आवडतो, घराण्याचा वाटतोय पण जागेचा तर नाही ना? डॅन्यूब नदीच्या उपनद्यांकाठी, सर्बिया, बोस्निया, बल्गेरियाकडे काही गावांत पिढ्यान् पिढ्या किडनीचा एक आजार घराघरात दिसायचा. सगळ्यांना वाटलं रक्तातच आहे. पण बाहेरून येऊन तिथे राहिलेल्यांनाही पंधरा-वीस वर्षांनी तोच आजार. शेवटी संशय गेला गव्हाच्या शेतातल्या एका तणावर, त्याचं बी दळणात जायचं, त्यात ॲरिस्टोलोकिक ॲसिड. म्हणजे "घराण्यात आसा" हे बरोबरच होतं, फक्त ते रक्तात नव्हतं, भाकरीत होतं. आणि ह्याच कुळातली वनस्पती आपल्याकडे ईश्वरी किंवा सापसंद म्हणून झाडपाल्याच्या औषधात वापरतात. कुणी मुळी उगाळून देत असेल तर नाव विचारा, आणि ही असेल तर तोंडात घालू नका.

आपल्या देशात आंध्रचं उद्दानम आहे, श्रीकाकुलम जिल्ह्यात. नारळ, काजू, समुद्रकिनारा, फोटो बघितलात तर वेंगुर्ल्याच्या आसपासचंच वाटेल. तिथे डायबेटीस नाही, प्रेशर नाही, तरी शेतात राबणाऱ्यांच्या किडन्या जातात. गोव्यात काणकोणलाही असे पेशंट नोंदलेत, मध्य अमेरिकेत ऊसतोड कामगारांत, श्रीलंकेत भातशेती करणाऱ्यांत. उन्हात घाम गाळणं, पाणी कमी पिणं, फवारणीची औषधं, पाण्यातली सिलिका, सगळ्यांवर संशय आहे, एकच कारण अजून ठरलेलं नाही. आखातात उन्हात काम करून परतलेल्या नेपाळी पोरांच्या किडन्या गेल्याच्या केसेस नेपाळच्या डॉक्टरांनी नोंदवल्यात. आणि आपल्या आंब्याच्या बागा राखायला कोण असतं? नेपाळीच. आणि आखातात आपली पोरं काय कमी गेलीत! तेव्हा घरातला कोणी मस्कत-दुबईहून सुट्टीवर आला की त्याला तेवढं एक रक्त आणि लघवी द्यायला लावा.

मग घराचा कागद काढायचा

एक फुलस्केप घ्या. वर समाज-जात काही लिहू नका, त्याने काही कळत नाही. मधोमध स्वतःचं नाव, वर आई-बाप, त्यांचे भाऊ-बहिणी, वर आजी-आजोबा, खाली मुलं. मग ज्याच्या त्याच्या नावापुढे लिहा, साखर, प्रेशर, मुतखडा, डायलिसिस, आणि कितव्या वर्षी. वय फार महत्त्वाचं, ७५ व्या वर्षी किडनी दमली आणि ३५ व्या वर्षी गेली ह्यात जमीन-अस्मानाचा फरक. "सूज येऊन गेले", "लघवी बंद होऊन गेले" असं म्हातारी माणसं सांगतात तेही जसंच्या तसं लिहा. नवीन सून, जावई ह्यांचंही लिहा, म्हणजे बाहेरून आलेल्यांनाही होतंय का ते दिसेल, मग विहिरीकडे आणि कामाकडे बघायचं.

एका बाजूला बाप, काका, आजोबा अशी सरळ रेघ दिसली आणि सोनोग्राफीत किडनीत पाण्याच्या गाठी म्हटलं असेल तर तो पॉलिसिस्टिक आजार असू शकतो, त्यात प्रत्येक मुलाला मिळायची शक्यता निम्मी, आणि हा जगात सगळ्या वंशात आढळतो. मामाची मुलगी केलेली असेल, आत्येभाऊ-मामेबहीण लग्न असेल तर तेही लाजू नका, दुहेरी रेघ मारा, कारण आई-बाप ठणठणीत आणि पोराची किडनी लहानपणीच बिघडली असे काही आजार नात्यातल्या लग्नात जास्त दिसतात.

दोन गोष्टी लोक हमखास विसरतात. एक, जन्माचं वजन. अडीच किलोच्या आतलं बाळ असेल तर किडनीतल्या गाळण्याच कमी घेऊन आलेलं असतं, त्या जन्माआधी तयार होतात, नंतर नवीन होत नाहीत. दुसरी, लेप्टो, म्हणजे उंदराच्या मुताने घाण झालेल्या पाण्यातून येणारा ताप. आपल्याकडे पावसात भाताच्या लावणीत उघड्या पायांनी उतरायचं आणि ताप अंगावर काढायचा. लेप्टोत लघवी कमी झाली होती, एकदा-दोनदा डायलिसिस लागलं आणि मग बरा झाला, अशा माणसाला सगळे "बरा झाला" म्हणून सोडून देतात. त्याचं नाव कागदावर गोल करा, त्याने वर्षाला एकदा तरी तपासलं पाहिजे.

आता तपासणी दोनच, रक्तात क्रिएटिनिन आणि लघवीत एसीआर, म्हणजे अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो. एसीआर ३० च्या आत पाहिजे, ३० ते ३०० म्हणजे किडनी प्रोटीन गळायला लागली, वर गेलं तर जास्तच. ईजीएफआर छान आणि एसीआर वाढलेलं असं पुष्कळदा दिसतं, खास करून साखरवाल्यांत, आणि तीच वेळ असते धरण्याची. टाइप २ डायबेटीस कळला त्याच महिन्यात पहिली तपासणी आणि मग दरवर्षी. एका रिपोर्टवर घाबरायचं नाही, तीन महिन्यांनी परत करून दोन्ही वेळा तसंच आलं तर आजार म्हणतात. ताप असताना, पाळी चालू असताना, लघवीला जळजळ असताना किंवा आदल्या दिवशी चिरे वाहिले असतील तर एसीआर देऊ नका, उगाच वाढीव येतं.

स्वयंपाकघराचं थोडक्यात, पण भांडणाचं

आत्याशी माझी सगळ्यात मोठी लढाई मिठावर झाली. दिवसाला सगळं धरून पाच ग्रॅम, म्हणजे एक सपाट चमचा. मी चमचा भरून तिच्यासमोर ताटलीत ओतला, तर म्हणते, "ह्या तर माझ्या खाऱ्या बांगड्याक पुराचा नाय." आणि बाई बरोबर बोलली. खारवलेला बांगडा, सुके बोंबील, सुकट, लोणचं, सांडगी मिरची, आगळ म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, आपण पावसाळा काढतो तो मिठावरच. पूर्ण बंद कर म्हटलं तर कोणी ऐकत नाही. आम्ही असं ठरवलं, खारा महिन्यातून दोनदा, तोही पाण्यात भिजत घालून दोनदा पाणी फेकून, आणि त्या दिवशी आमटीत वरून मीठ नाही. सोलकढी आगळाची नको, सुकी आमसुलं भिजवून. सैंधव घेतलं की सुटलो असं समजू नका, तेही मीठच, सोडियम तेवढंच. आणि "लो सोडियम" मीठ किडनीवाल्याने डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये, त्यात पोटॅशियम असतं. शहाळ्याचंही तसंच, धडधाकट माणसाला अमृत, पण किडनी उतरलेल्याच्या रक्तात पोटॅशियम चढवतं आणि ते हृदयावर जातं. आजाऱ्याला भेटायला जाताना चार शहाळी नेणारे आपण, निदान आधी विचारा तरी.

परसातली दोन झाडं वेगळी सांगते. बिंबलाचा रस कोलेस्टेरॉल उतरवायला म्हणून पेलाभर पिऊन किडनी बंद पडल्याच्या केसेस केरळात झाल्यात, त्यात ऑक्झलेट भरमसाट असतं. कढीत एखादं घालणं वेगळं आणि रस पिणं वेगळं. आणि करमळ, ज्याला बाजारात स्टारफ्रूट म्हणतात, ते किडनीच्या पेशंटने चवीलाही खाऊ नये. न थांबणारी उचकी, मग गोंधळल्यासारखं बोलणं, झटके, आणि माणसं गेलीतसुद्धा.

आत्याची गुडघ्याची गोळी डॉक्टरांनी बदलून दिली, प्रेशरची सुरू केली, एसीआर १४० आलं होतं, तीन महिन्यांनी परत करायचंय. घरातल्या कागदावर आता एकवीस नावं आहेत, त्यातली नऊ तपासून झाली. बाकीचे चाकरमानी म्हणतात शिमग्याला येतो तेव्हा देतो, तर मी डब्या आणूनच ठेवल्यात. सकाळची पहिली लघवी, सुरुवातीची थोडी सोडून मधली धरायची. आणि नाव डबीवर लिहायचं, झाकणावर नाही, एका घरातले पाचजण एकदम आले की झाकणं बदलतात.